सोड की उतरव

४ जून

प्रिय दादा,

फोनवर तुला काही ऐकू जात नाही, आणि ही गोष्ट मला ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र. करवतीच्या मशीनने तुझे कान खाल्ले. निदान त्या निमित्ताने माझं अक्षर तरी सुधारेल.

मुद्द्याचं लिहिते. माझ्या धनुष्याला कुणीतरी काहीतरी केलंय.

मार्चपासून बाण माझ्या आधी सुटतोय. मी दोरी ओढते, बाणाचं टोक खालून वर चढवत मधल्या पिवळ्या वर्तुळाकडे नेते, आणि पिवळं अजून वीतभर लांब असतानाच दोरी बोटांतून जाते. मी सोडत नाही, ती जाते. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, झालं असेल एखाद्या वेळी. आता दर बाणाला तेच. बाण खाली गवतात जातात आणि मी सगळ्यांसमोर वाकून ते गोळा करत बसते.

डोळे उत्तम आहेत. चष्म्याच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या बाईने आधी काय तपासलं असेल? मग वाटलं, आपलेच डोळे तपासताना माणूस स्वतःला झुकतं माप देतो, म्हणून समोरच्या दुकानात जाऊन पुन्हा तपासून घेतले. त्या माणसाला वाटलं मी हेरगिरीला आलेय. त्याने चाचणी करताना दुकानातला नवा माल कापडाने झाकून ठेवला.

तेव्हा राहिलं धनुष्य. ते मैदानावरच्या कपाटात असतं आणि दुसरी किल्ली राखणदाराकडे असते. माझ्या शेजारच्या जागेवर एक दंतवैद्य असतो. एप्रिलमध्ये त्याने 'किती हलकं आहे हो' म्हणत ते हातात घेऊन वाकवून पाहिलं होतं. संघातली जागा माझ्याकडे आहे तोवर हा मला पाण्यात पाहणार. मी आता कपाटाच्या दाराला बारीक काळा दोरा बांधून जाते. दोनदा तुटलेला मिळाला.

ऑक्टोबरमध्ये निवड आहे. लाकडी धनुष्याच्या गटात जागा एकच, आणि इतकी वर्षं ती माझी आहे. ती गेली तर माझ्याकडे उरतं काय? दोन खोल्या, आणि दिवसभर लोकांना 'आता नीट दिसतंय का' विचारत राहणं. मला भीती वाटते दादा. तू बनवलेलं धनुष्य आहे, तूच सांग त्याला काय झालं. हवं तर पाठवून देते.

ऐकते की तुझी लेक भिंगरीही यंदा नाव देणार आहे. खरं का?

बारकी

*

१३ जून

बारके,

पाठवू नकोस. आधी एक कर. दोरी चढव, धनुष्याच्या मुठीवर तुझी मूठ आडवी ठेव आणि अंगठा ताठ वर कर. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं तर धनुष्य ठणठणीत आहे. टेकेल, मला माहीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही, कारण तुला नाचता येतं हे मी पाहिलंय. पण अंगण सरळच आहे.

ओल धरली तर लाकूड आळसतं, बाण तोकडा पडतो. पण बाण वेळेआधी सुटणं हे लाकडाचं काम नव्हे. लाकडाला बोटं नसतात.

पुस्तकांत याला टार्गेट पॅनिक म्हणतात. माझ्या कारखान्यात येणारे म्हातारे धनुर्धारी 'घाई लागली' म्हणतात आणि मग स्वतःच हसतात. पिवळं जवळ आलं की मन म्हणतं, आता चुकणार. चुकण्याची वाट बघवत नाही, म्हणून बोटं आधीच सुटका करून घेतात. चांगल्या नेमबाजांनाच होतं हे. भिकार नेमबाजाला कसली आलीय भीती?

उपाय सांगतो, तो निमूट कर. लक्ष्याचा कागद काढून ठेव. पेंढ्याच्या गठ्ठ्यासमोर दोन पावलांवर उभी राहा आणि डोळे मीट. दोरी गालापर्यंत ओढ, थांब, पाठीचा ताण जाणव, मग सोड. एक बाण असा सोडायचा. पुढच्या वेळी पूर्ण ओढायचं, थांबायचं, आणि न सोडताच दोरी हळूहळू परत आणायची. त्याला उतरवणं म्हणायचं. लक्ष्याकडे बघायचं नाही. मी सांगेपर्यंत मुळीच नाही.

आणि तो दोरा काढ. राखणदार कपाट झाडत असेल.

तुझा दादा

*

२५ जून

दादा,

अंगठा टेकला. धनुष्य ठणठणीत, मान्य.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लाकूड झालं, म्हातारे झाले, राखणदाराची झाडलोटसुद्धा झाली, आणि भिंगरीबद्दल एक अक्षर नाही. मी सरळ विचारलं होतं. तू ताकास तूर लागू दिली नाहीस.

आता हे तूच माझ्या जागी बसून वाच. निवड तोंडावर आलीय. जागा एक. एका मुलीचा बाप तिच्या प्रतिस्पर्ध्याला लिहितो की लक्ष्य काढून ठेव, डोळे मिटून घे, बाण सोडूच नकोस, आणि मी सांगेपर्यंत असंच चालू दे. कुठेतरी पाणी मुरतंय की नाही? मी काय काल जन्मले?

तरी करून पाहिलं. सख्ख्या भावावर संशय घ्यायचा तर पुराव्यानिशी घ्यावा. डोळे मिटून दोन पावलांवरून बाण सोडले आणि खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. जुना हात परत आल्यासारखं. त्या आनंदात कागद लावला, मागे गेले आणि ओढलं. बाण दंतवैद्याच्या गठ्ठ्यात. तो म्हणाला, 'बाई, भूल देऊन ठेवू का?'

आणि ते उतरवणं. ते मला जमलंच नाही. ओढलं, थांबले, परत आणायचं ठरवलं, आणि बोटं उघडली. पुन्हा केलं, पुन्हा उघडली. समोर कागदही नव्हता. माझी बोटं, दादा, माझीच, आणि माझं ऐकत नाहीत. मी खोलीवर येऊन हात पाण्यात बुडवून बसून राहिले. मला त्यांची भीती वाटली.

भिंगरीचं काय ते लिही.

बारकी

*

६ जुलै

बारके,

भिंगरीने नाव दिलं आहे. तिलाही मीच धनुष्य करून दिलंय, तुला दिलं तसंच. याहून जास्त विचारू नकोस. संशयाला औषध नसतं, आणि पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुझा रागच आला होता. तुझी वहिनी म्हणाली, तिचा स्वभावच आहे, लहानपणी सुद्धा तुमच्या वाटणीतल्या गोळ्या पुन्हा मोजून घ्यायची. म्हणून लिहितोय.

उतरवणं जमत नाही, तेच खरं दुखणं आहे. ते एकट्याने जमत नाही. मागे कुणीतरी उभं हवं. तू ओढायचं आणि थांबायचं. मागचा माणूस एकतर म्हणणार 'सोड' किंवा म्हणणार 'उतरव'. काय येणार ते तुला माहीत नसतं, म्हणून बोटांना ऐकावंच लागतं. हे आत्ताच करून घे. निवडीच्या दिवशी ओढलेल्या धनुष्यामागे कुणी शब्द काढला तर चालत नाही, बोलणारा स्वतः स्पर्धक असेल तर तो बाद होतो, हे तुला ठाऊक आहेच.

तुझ्याकडे असं विश्वासाचं कोण आहे? मी नावं आठवत बसलो आणि मला एकही सुचलं नाही.

भिंगरीचा तिकडे जमीन मोजणीचा वर्ग आहे, ऑगस्टपासून तीन महिने. तिला तुझ्याकडे पाठवतो. ती मागे उभी राहील.

दादा

*

९ ऑगस्ट

दादा,

आली तुझी लेक. एक पिशवी आणि माझ्या दारातून आत यायला तयार नसलेली ती लांब पेटी घेऊन. गुणी आहे, भांडी घासते, माझ्या विनोदांना हसते. एवढं गोड वागणारी माणसं मला सहसा काहीतरी विकायला आलेली असतात.

संध्याकाळी ती माझ्या मागे उभी राहते. मी ओढते. ती म्हणते, 'उतरव, आत्या.' पुन्हा ओढते. 'उतरव.' आठवडाभर नुसतं उतरव. मी म्हटलं, 'अगं, सोड हा शब्द घरी विसरून आलीस का?' म्हणाली, 'अजून नाही, आत्या. तुझा खांदा आधीच सोडायला निघालेला असतो.' तिला खांदे वाचता येतात म्हणे. खांदे दुखले की माझे, आणि सरावाचे दिवस गेले की तेही माझेच.

आणि तिचं स्वतःचं काय? ती मैदानावर एकही बाण मारत नाही. विचारलं तर म्हणते, मोजणीचा अभ्यास खूप आहे. पण रोज सकाळी वर्गाच्या कितीतरी आधी पेटी घेऊन निघते. अभ्यासाला पेटी कशाला लागते?

म्हणून काल मी तिच्या मागे गेले. हो, गेले. मैदानाच्या पलीकडे जुनी पत्र्याची शेड आहे, तिथे तुटके गठ्ठे टाकतात. मी फटीतून पाहिलं. भिंगरी गठ्ठ्यापासून दोन पावलांवर उभी होती, डोळे मिटून. ओढलं, थांबली, परत आणायला गेली, आणि बाण सुटला. ती कपाळ गठ्ठ्याला टेकवून तशीच उभी राहिली, बराच वेळ. मी आले तशी परत फिरले.

आता कळलं सगळं. तिलाही घाई लागली आहे. आणि तुझं ते औषध खरंच लागू पडतं की नाही हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणून आधी म्हाताऱ्या बहिणीला पाजून बघितलंस. गुण आला तर लेकीला द्यायचं, अपाय झाला तर जागा लेकीची. दोन्ही हातांत लाडू.

खोटं असेल तर तसं लिही.

बारकी

*

१७ ऑगस्ट

बारके,

अर्धं खरं आहे.

तिला जानेवारीपासून त्रास आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी दचकलो, कारण तेच शब्द ती घरात बोलत होती. बाण माझ्या आधी जातो, बाबा. मला औषध ऐकून माहीत होतं. मी धनुष्य घडवतो, मला नेम धरता येत नाही. दोघींना एकाच आठवड्यात एकच गोष्ट सांगितली. कुणाला आधी गुण येतो ते बघत होतो, हे खरं. तुझा बळी द्यायचा होता हे खोटं. तिने मला शपथ घातली होती की आत्याला कळू द्यायचं नाही. ती तुला बघून धनुष्य धरायला शिकली. तुझ्यासमोर तिला हे दाखवायचं नव्हतं.

इथे तिच्या मागे मी उभा राहायचो. पण मी बाप आहे. ती ओढून थांबली की माझाच जीव वर जायचा आणि मी घाईने 'सोड' म्हणायचो. माझ्यामुळे तिचं दुखणं वाढलं.

तिला सांग की तू पाहिलंस. आणि तूही तिच्या मागे उभी राहा. ती म्हणते, या वर्षी निवडीत बाण असाच गेला तर ती धनुष्य कायमचं खाली ठेवणार. ती पोकळ बोलत नाही, तुझ्यासारखीच आहे.

दादा

*

१२ सप्टेंबर

दादा,

सांगितलं तिला. रडली, मग चिडली की मी तिचा पाठलाग केला, मग दोघी हसलो. आता रोज संध्याकाळी आधी ती माझ्या मागे, मग मी तिच्या मागे.

मला उतरवता येऊ लागलंय. दहा वेळा ओढलं तर नऊ वेळा बोटं ऐकतात. भिंगरीने पहिल्यांदा 'सोड' म्हटलं तेव्हा मी इतकी दचकले की सोडलाच नाही. कागद अजून लावलेला नाही.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही, पण तू अर्धं खरं लिहिलंस, तर मी पूर्ण लिहीन. तुझी लेक माझ्याहून चांगली आहे. तिची घाई गेली तर ती जागा तिची, हे मला मागे उभं राहून स्वच्छ दिसतं. माझं काम बघण्याचंच आहे. आणि हेही दिसतं की तिला बिघडवायला फार काही लागत नाही. तिचा खांदा उचलला जातो, त्या क्षणी 'उतरव' म्हणायचं असतं. त्याच क्षणी 'सोड' म्हटलं, रोज म्हटलं, तर महिन्याभरात तिची बोटं कायमची माझ्या ताब्यात येतील. कुणालाही कळणार नाही. तिलाही नाही. तिला वाटेल आत्या मदत करतेय.

हा विचार माझ्या डोक्यात आला दादा. आणि आला तो गेला नाही. काल मैदानावरून परत येताना तिने माझी पिशवी घेतली आणि मी विचार करत होते, उद्या काय म्हणू.

बारकी

*

१८ सप्टेंबर

बारके,

तू तसं काही केलं नाहीस ना? लगेच लिही.

दादा

*

३ ऑक्टोबर

बारके,

तुझं उत्तर नाही. भिंगरीला विचारलं तर लिहिते, 'आत्या गप्प असते हल्ली, पण सराव छान चाललाय.' छान म्हणजे कसा? ती तुझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते, अक्षरशः. मी कारखान्यात एक चांगली फळी उलटी कापली. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या घराण्यात संशयाचा वसा आहे. असेल. तिला परत बोलावू का?

लिही गं.

दादा

*

१६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

काल निवड झाली. भिंगरी संघात आहे. तिचं पत्र येईलच, पण त्यात ती मला देवी करून टाकेल, म्हणून माझं आधी वाच.

तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, कारण राग आला. तू माझ्याबद्दल असं विचारूच कसं शकतोस? आणि मग लक्षात आलं की जूनपासून मी तुला हेच विचारतेय. मग लाज वाटली, आणि लाज वाटली की मला पत्र लिहिता येत नाही. नाही केलं मी तसं. एकदा 'सोड' अगदी जिभेवर आला होता. 'उतरव' म्हणाले. त्यानंतर तो विचार यायचा, पण मी शब्द बरोबरच देत गेले.

काल सगळे बाण संपले तेव्हा आम्ही दोघी बरोबरीत होतो. हो, मीसुद्धा. माझी बोटं शेवटपर्यंत टिकली. मग एकेक बाण ठरला, मध्याच्या जवळ ज्याचा बाण त्याची जागा. भिंगरी आधी. मी तिच्या मागे रेषेबाहेर उभी, रोजच्यासारखी.

तिने ओढलं. टोक पिवळ्याखाली आलं आणि तिथेच अडकलं. वर जाईना. घड्याळ चालू होतं. तिचा खांदा उचलला गेला आणि मला कळलं की आता बोटं उघडणार, बाण गवतात जाणार, आणि ही पोरगी धनुष्य खाली ठेवणार.

'उतरव,' मी म्हणाले. हळू नाही. सगळ्यांना ऐकू गेलं.

तिने उतरवलं. श्वास घेतला, पुन्हा ओढलं, टोक पिवळ्यावर नेलं, थांबली, आणि सोडला. पिवळ्यात. पंचांनी मला विचारलं, बोललात का? मी हो म्हटलं. मी बाद. माझा बाण भात्यातच राहिला.

पुढचं ऐक. मैदानावर कुणालाच वाटलं नाही की मी मदत केली. दंतवैद्य मोठ्याने म्हणाला, 'पोरीचा बाण बिघडवायला गेल्या आणि तोंडावर पडल्या.' राखणदाराने मान हलवली. भिंगरी ओरडून सांगत होती की आत्याने मला वाचवलं, तर लोक म्हणाले, घरचीच आहे, झाकणारच. ती पंचांकडे जागा सोडायला निघाली होती. मी तिला दंडाला धरून सांगितलं, असा वेडेपणा केलास तर आजच्या आज पेटी घेऊन घरी जा. ती पेटी माझ्या दारातून बाहेर काढायला किती वेळ लागतो हे आठवून तिला हसू आलं आणि तिचं डोकं शांत झालं.

लोकांच्या त्या नजरांनी मला लागलं, दादा. फार लागलं. घरी येऊन जेवले नाही. पण त्याहून वाईट काहीतरी मनात होतं. तुला माहीतच आहे मी कशी आहे ते, बाहेर संशय घ्यायला कुणी उरलं नाही की घरात घेते. मी स्वतःलाच विचारलं, तू खरंच पोरीसाठी बोललीस का? की तिच्यानंतर तुझी पाळी होती म्हणून? एक शब्द बोललं की बाद. ओढायला नको, पिवळ्याकडे बघायला नको, चुकायला नको. वर लोक म्हणणार काय मोठ्या मनाची बाई. सुंठीवाचून खोकला गेला. घाई लागलेला माणूस सुटकेसाठी काहीही करतो, आणि मी जिभेनेच बाण सोडला नसेल कशावरून?

आज सकाळी भिंगरी झोपलेली असताना मी एकटीच मैदानावर गेले. कागद लावला. पूर्ण अंतरावर जाऊन उभी राहिले. मागे कुणी नाही. ओढलं, टोक पिवळ्यावर नेलं, आणि वाट पाहिली की आता जाईल, आता जाईल. दोरी गेली नाही. बोटं मिटलेलीच. न सोडता उतरवलं. पुन्हा ओढलं, पुन्हा पिवळ्यावर नेलं, दंड दुखेपर्यंत तिथे थांबले, आणि मग मला सोडावासा वाटला तेव्हा सोडला.

लाल वर्तुळात लागला. पिवळ्याच्या बाहेर. मी गवतावर बसले आणि पोटभर रडले. तू म्हणशील, निवड संपल्यावर रिकाम्या मैदानात कसलं आलंय शौर्य. पण दादा, जूनमध्ये मला याच रिकाम्या मैदानात कागदाशिवायसुद्धा थांबता येत नव्हतं. काल माझी पाळी आली असती तर मी थांबू शकले असते. कदाचित लालमध्येच लागला असता आणि मी हरले असते, पण मी पळाले नव्हते. मी तिच्यासाठीच बोलले. याबद्दल मला संशय उरलेला नाही, आणि माझ्यासारखीने हे लिहावं म्हणजे काय ते तुला कळेल.

जागा गेल्याचं दुःख आहेच. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, भिंगरीपासून लपवेन.

तिला मात्र आज चहा पिताना एक सांगून ठेवलंय, तूही ऐकून ठेव. पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव देणार आहे. तेव्हा तिचा खांदा आकाशाला टेकला तरी मी तोंड उघडणार नाही.

तुझी बारकी